नोंद कोणीतरी बदलली आहे

नानांनी हात वर केला की आम्ही सगळ्यांनी की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवायचे, असा आमच्या ऑफिसात नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि मॅनेजरला तर मुळीच मान्य नव्हता. पण नाना वयाने मोठे, आवाज घोगरा, आणि हात वर केल्यावर ते आमच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. समोरच्या पडद्यावर नजर रोखून बसायचे आणि विचारायचे, "चारशे बारा कुणी उघडलंय?"

चारशे बारा हा तक्रारीचा नंबर. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचं तक्रार केंद्र जुन्नरच्या बाजारपेठेत होतं, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शेतकऱ्याची मोटार बिघडली की तो फोन करायचा, आम्ही तक्रार संगणकात उतरवायची, मेकॅनिक जाऊन काम करायचा, मग तो फोन करायचा आणि आम्ही तक्रार बंद करायची. काम एवढंच. मंचरला संगणकाचा कोर्स करून मी तिथे लागले होते आणि घोडेगावहून रोज एसटीने ये-जा करत होते.

गोंधळ असा होता की तीच तक्रार एकाच वेळी दोघांना उघडता यायची. मी इथे उघडलेली असताना शेजारच्या टेबलावरचा कुणी किंवा पुण्याच्या मुख्य ऑफिसातलं कुणी तीच उघडून बसलेलं असायचं. त्याने आधी जतन केली आणि मग मी करायला गेले, की पडद्यावर पिवळा त्रिकोण असलेली एक चौकट यायची. मजकूर इंग्रजी. त्याचा अर्थ असा, की तुम्ही ही नोंद उघडल्यानंतर ती दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे, तरीही तुमचे बदल जतन करायचे का? खाली दोन बटणं. होय आणि नाही.

मी कामावर रुजू झाले त्याच दिवशी नानांच्या पडद्यावर ती चौकट आली. त्यांनी हात वर केला, सगळे थांबले, मला काही कळेना. मी नवी, हुशारी दाखवायची हौस. म्हटलं, "नाना, होय दाबा."

"होय दाबलं तर काय व्हतं?"

"तुम्ही लिहिलेलं राहील, त्यांनी लिहिलेलं जाईल."

"आन् न्हाई दाबलं तर?"

"त्यांचं राहील, तुमचं जाईल."

नाना पडद्याकडे वाकले. "दोनी ठेवायचं बटन कुठाय?"

"तसं बटण नाही, नाना."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते बटण मीच कुठेतरी काढून ठेवलं आहे. मग खिशातलं पेन काढून ते स्वतःचा मजकूर वहीत उतरवू लागले. उतरवून झाल्यावर 'नाही' दाबलं, दुसऱ्याने काय लिहिलंय ते मोठ्याने वाचलं, आणि त्याच्याखाली आपलं पुन्हा एका बोटाने टंकलं. तेवढ्यावर भागलं नाही. दुसरं लिहिणारी मुलगी समोरच्याच टेबलावर होती. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "तुमाला शेतकरी काय म्हनला? कसा म्हनला?" तिचं ऐकलं, आपलं सांगितलं. मग शेतकऱ्याला फोन लावून त्याला पुन्हा विचारलं. या सगळ्यात अर्धा तास गेला. मी मनात म्हटलं, हे गृहस्थ फार दिवस टिकायचे नाहीत.

नाना मूळचे पिंपळवंडीचे. नारायणगावात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. बारीक तांब्याची तार दिसेनाशी झाली तेव्हा दुकान भावाच्या मुलाकडे दिलं, आणि कंपनीच्या डीलरने ओळखीने त्यांना आमच्याकडे बसवलं. कारण नुसत्या आवाजावरून मोटारीचं दुखणं सांगायची त्यांची ख्याती होती. पण फोनवर आवाज कसा ऐकणार? विहीर रानात आणि फोन गावात. त्यावर नानांनी उपाय काढला होता. ते शेतकऱ्यालाच सांगायचे, "पावणं, कसा आवाज करती? जरा काढून दावा."

सुरुवातीला माणूस लाजायचा. मग मात्र मनापासून काढायचा. पलीकडून घुंऽऽ, खर्रर्र, टक टक टक असं चाललेलं असायचं आणि नाना डोळे मिटून ऐकायचे. "अजून एकदा. शेवटाला जरा हळू केलंत तुमी." मग म्हणायचे, "बेरिंग गेलंय, भाऊ." बहुतेक वेळा तेच निघायचं. आणि तक्रारीत ते जसंच्या तसं लिहायचे: मोटार 'हुंऽऽ खट, हुंऽऽ खट' करते. पुण्याहून फोन यायचा, "हे काय आहे? व्हायरस आलाय का?" मी सांगायचे, "नाही, तो मोटारीचा आवाज आहे."

एकदा दुपारी नानांनी हात वर केला. "सातशे तीन कुणी उघडलंय?"

कुणीच उघडलं नव्हतं. त्यांनी पुण्याला फोन लावला, तिथेही कुणी नाही. मी उठून जाऊन बघितलं. नोंद कुणी बदलली त्याचं नाव त्या चौकटीत बारीक अक्षरात यायचं. तिथे नानांचंच नाव होतं.

"नाना, तुम्ही ही तक्रार दोन खिडक्यांत उघडलीय. एकीत लिहून जतन केलं, आता दुसरीत लिहिताय."

"म्हंजे दुसरा कोनीतरी मीच हाय?"

"हो."

"मंग यातला कंचा पुसायचा?"

मी म्हटलं, कुठलाही पुसा, दोन्ही तुमचेच आहेत. पण ते ऐकेनात. दोन्ही मजकूर वाचले. सकाळी त्यांनी लिहिलं होतं, मोटार फार तापते. दुपारी लिहिलं होतं, मोटार गार असते पण पाणी ओढत नाही. शेतकरी एकच. ऑफिसात हसायला सुरुवात झाली. नानांनी सगळ्यांसमोर त्या शेतकऱ्याला फोन लावला, बराच वेळ 'हां, हां' केलं आणि फोन ठेवून म्हणाले, "त्याच्याकडं दोन मोटारी हायेत. एक हिरीवर, एक वढ्यावर."

हसणं थांबलं. मला मात्र त्या दिवशी कळेना, की याला शहाणपण म्हणायचं की योगायोग. आजही नक्की सांगता येत नाही.

दोन्ही ठेवायच्या बटणासाठी नानांनी मुख्य ऑफिसला पत्रं लिहिली. दर महिन्याला एक, आंतरदेशीय पत्रावर, सुवाच्य अक्षरात. सहा-सात पत्रांनंतर पुण्याहून संगणक विभागातल्या एक बाई आल्या. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की कामाला वेग यावा म्हणून शेवटी जो जतन करेल त्याचं खरं धरायचं, अशी ही रचना आहे.

नानांनी विचारलं, "शेवटी बोलंल त्याचं खरं, असं तुमच्या घरी चालतं का?"

बाई हसल्या. मग त्यांचं हसू जरा कमी झालं आणि म्हणाल्या, "चालतं."

"मंग अवघड हाय," नाना म्हणाले. बाईंनी सूचना लिहून घेतली. बटण काही आलं नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्याच्या टेबलामागे फळा होता, त्यावर रोज संध्याकाळी कुणाच्या किती तक्रारी उघड्या राहिल्या ते खडूने लिहायचा आणि तोच फळा पुण्याला फोनवर वाचून दाखवायचा. नानांचा आकडा नेहमी सगळ्यात मोठा. "नाना, बंद करा हो. मेकॅनिकने काम झालं सांगितलं ना?" असं तो म्हणायचा, तेव्हा नाना म्हणायचे, "मेकॅनिकनं सांगितलं. मोटारवाल्यानं कुठं सांगितलंय?"

जेवायच्या सुट्टीत एकदा मी त्यांना विचारलंच, की एवढं का धरून बसता. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि सांगितलं ते भलतंच होतं.

"माझ्या शाळेच्या दाखल्यावर मी दोन मानसं हाय," ते म्हणाले. "आमच्या वडलांनी धम्म घेतला त्याच्यानंतरचा मी. शाळेत नाव घालताना त्यांनी सांगितलं, बौद्ध लिवा. गुरुजींनी लिवलं. त्या गुरुजींची बदली झाली. दुसरे आले, त्यांनी ते काट मारून पयली जात लिवली. तिसऱ्यांनी ती काट मारून परत बौद्ध. कुठंच सही न्हाई. दर दाखल्याला, दर हापिसात मला इचारायचे, यातलं खरं काय? मी म्हनायचो, पुसनाऱ्याला इचारा. तर पुसनारा कोन ते कुनाला ठावं न्हाई."

"म्हणून तुम्ही..."

"न्हाई वो ताई, त्याचा काय संबंध? तुमी इचारलं म्हनून सांगितलं."

आणि त्यांनी डबा बंद केला. मी गोंधळून बसून राहिले. मी विचारलं होतं वेगळंच, त्यांनी उत्तर दिलं वेगळंच, आणि वर म्हणाले संबंध नाही. नानांचं हे असं होतं. हातात काहीतरी द्यायचे आणि ते काय आहे ते सांगायचे नाहीत.

पुढे ते केंद्र बंद झालं. सगळे फोन पुण्याला वळवले. मी मंचरच्या एका शाळेत ऑफिसच्या कामाला लागले, नाना पिंपळवंडीत घरीच राहिले. दोनदा बाजारात भेटले, दोन्ही वेळा मुलांची चौकशी केली, पहिल्यांदा माझं लग्नही झालेलं नव्हतं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, केंद्र नीट चालू असतानाचं. आणि त्यात माझा हात आहे.

झालं असं, की कंपनीने संगणकात शिरायची नावं मोजकीच दिली होती आणि माझं वेगळं नाव पुण्याहून अजून यायचं होतं. तोवर मी नानांच्याच नावाने काम करत होते. म्हणजे मी काहीही लिहिलं तरी नोंदीत नाव नानांचं लागायचं.

श्रावण लागायच्या आधीचा शुक्रवार. चार वाजून गेले होते. भीमाशंकरच्या रस्त्यावर, डिंभे धरणाच्या पुढे एक चहाचं हॉटेल होतं. त्यांची मोटार जळाली होती. आमच्या मेकॅनिकने ती रिवायंडिंग करून आदल्या दिवशी परत बसवली आणि आता मला फोन केला, "मोटार चालू, पाणी झकास. बंद करा." मी 'काम पूर्ण' असं लिहून जतन करायला गेले, तर पिवळी चौकट. बदलणाऱ्याचं नाव नानांचं.

नाना पलीकडच्या टेबलावर फोनवर होते. मॅनेजर माझ्यामागे उभा, हातात खडू. पाचची एसटी चुकली की मला पुढची सातशिवाय नव्हती. आणि चौकटीतलं नाव तर मी ज्या नावाने बसले होते तेच. मला वाटलं, सातशे तीनसारखंच असेल, मीच कुठेतरी दुसरी खिडकी उघडी ठेवली असेल. मी होय दाबलं. मॅनेजरने फळ्यावरचा एक आकडा पुसला. मला एसटी मिळाली.

शनिवारी सकाळी नानांनी हात वर केला. पण या वेळी नंबर विचारला नाही. म्हणाले, "काल मी या हॉटेलवाल्याच्या तक्रारीत काहीतरी लिवलं व्हतं. ते हितं न्हाई."

पडद्यावर फक्त 'काम पूर्ण' होतं आणि त्याखाली त्यांचंच नाव. खोडलेला मजकूर ते सॉफ्टवेअर कुठेच ठेवायचं नाही. वहीतही काही नव्हतं, कारण लिहिताना नानांना चौकट आलीच नव्हती. आधी त्यांनी जतन केलं होतं, नंतर मी.

"काय लिहिलं होतं?" मॅनेजरने विचारलं.

"तेच आठवत न्हाई." नाना कपाळ चोळत होते. "दोन फोन एकदम वाजत व्हते. बाईचा आवाज व्हता. लई बारीक. मदीच कापला गेला. लगेच कायतरी करायचं व्हतं, एवढं ध्यानात हाय."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आधी मॅनेजर होता म्हणून, मग तो गेल्यावर बाकीच्या मुली होत्या म्हणून, मग वेळ निघून गेली म्हणून.

नानांनी हॉटेलच्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, मोटार उत्तम चालली आहे, आमच्याकडून कुणी फोन केलेला नाही. मॅनेजर म्हणाला, "नाना, गिऱ्हाईक खूश आहे, सोडा आता."

"मंग ती बाई कोन व्हती?" नाना म्हणाले.

दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. "ताई, उद्या सुट्टी हाय. तुमी त्या बाजूच्या. येता का संगं? बाईमानसाशी बोलायचं झालं तर तुमी असल्याल्या बऱ्या."

मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार होते?

रविवारी सकाळी घोडेगावच्या स्टँडवर नाना माझ्याआधी हजर होते. पिंपळवंडीहून दोन गाड्या बदलून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. दुसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार, त्यामुळे भीमाशंकरची गाडी भरलेली. वाटभर भातखाचरं, खाचरांत वाकलेली माणसं. नाना खिडकीबाहेर बघत होते.

हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, पुढे बाकडी. घरचेच सगळे राबत होते: मालक, त्याची बायको, मुलगा आणि सून. मागे विहीर, तिच्यावर मोटार. तिथून लोखंडी पाइप वर टाकीत गेलेला आणि त्याच पाइपाला हॉटेलच्या अंगाला एक नळ. नळाखाली मोठी दगडी फरशी. येणारे भाविक तिथेच हातपाय धुवायचे.

"बसा, च्या घ्या," मालक म्हणाला. "पन तक्रार कसली ते कळंना राव. बघा की पानी कसं येतंय."

त्याने मोटार चालू केली. पाणी खरंच जोरात येत होतं. नानांनी आवाज ऐकला, मान डोलावली. "मोटार चांगली हाय. शुक्रवारी फोन कुणी केला व्हता?"

"कुनीच न्हाई."

मालकीणबाईंनीही तेच सांगितलं. मुलगा म्हणाला, "राँग नंबर आसंल." सून नळापाशी भांडी घासत बसली होती, तिने मान वर केली नाही. तिला कुणी विचारलंही नाही. नाना मोटारीपाशी गेले, परत आले, बाकड्यावर बसले. त्यांचा चेहरा अगदी हरवल्यासारखा दिसत होता. एवढ्या लांब आलो आणि इथे तर काहीच नाही.

मी उगाच सुनेकडे बघत बसले होते. बावीस-तेवीसची असेल. कढई धुऊन झाली, ती उठली, पदराचं टोक हाताभोवती दोन वेढे गुंडाळलं आणि मग नळ बंद केला. थोड्या वेळाने उघडतानाही तसंच. चुलीवरचं भांडं उतरवावं तसा ती नळ धरत होती.

"नाना," मी हळूच म्हटलं, "ती नळ पदराने धरतेय."

नाना उठलेच. मालकाला म्हणाले, "पावणं, तुमी कदी चपला काढून या नळाला हात लावलाय?"

"चपला कशाला काढू? चिखुल हाय सगळा."

नानांनी पिशवीतून टेस्टर काढला, फरशीपासून लांब उभं राहून पाइपाला टेकवला. टेस्टरमधला बारीक दिवा लालसर पेटला.

"मोटार बंद करा," नाना म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मुलगा पळतच स्टार्टरकडे गेला.

मालक अजून गोंधळलेला. "आमाला तर कदी शॉक बसला न्हाई."

"तुमच्या पायात रबर हाय. त्यांच्या पायात काय हाय ते बघा."

सगळ्यांनी सुनेच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी, ओल्या फरशीवर. तिने पाय मागे घेतले, जणू तिचंच काही चुकलं होतं.

मोटार परत बसवताना मेकॅनिकने अर्थिंगची तार जोडलीच नव्हती, आणि आतली एक वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती, त्यामुळे वीज पाइपात उतरत होती. नानांनी ते मला नंतर समजावलं. तेव्हा ते विहिरीपाशी उकिडवे बसून काम करत होते आणि मालक शेजारी उभा राहून फरशीकडे बघत होता. "उद्या हितं शेकडो मानूस पाय धुतंय," तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही.

मुलगा बायकोजवळ गेला. "तू बोलली का न्हाईस?"

"बोलले व्हते," ती म्हणाली. "दोनदा."

सासू म्हणाली, "तिला सारकंच कायतरी हुतंय, म्हनून आमाला..." आणि वाक्य तसंच सोडून आत गेली.

काम झाल्यावर नानांनी पुन्हा मोटार चालू करून टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. मग स्वतःच्या चपला काढून ते फरशीवर उभे राहिले आणि नळ हातात धरला. जरा वेळ धरूनच ठेवला. मग सुनेला म्हणाले, "आता बघा." तिने आधी पदराने, मग एका बोटाने, मग पूर्ण हाताने नळ धरला.

निघताना ती रस्त्यापर्यंत माझ्यासोबत आली. "फोन मीच केल्ता," ती म्हणाली. "स्टार्टरवर नंबर चिकटवल्याला हाय. साखर आनायला म्हनून गेले न् वरच्या दुकानातनं लावला. तर कापलाच गेला. म्हटलं, लिवलं का न्हाई कुनास ठावं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "लिवलं व्हतं ना?"

"लिहिलं होतं," मी म्हणाले.

तिला बरं वाटलेलं दिसलं. गाडी आली आणि आम्ही बसलो.

गाडी धरणाच्या पाण्याजवळून चालली होती. मी बॅगेचा पट्टा पिळत होते. शेवटी म्हटलं, "नाना, शुक्रवारी ते होय मी दाबलं. तुमच्या नावाने मी बसले होते. मला वाटलं, माझंच आहे."

नाना माझ्याकडे वळले. मी बोलणी खायची तयारी केली होती. पण ते नुसते बघत राहिले, हिशेब लागत नसल्यासारखे. मग म्हणाले, "मला वाटलं मीच दाबलं."

"नाही, मी."

"नाव माझं व्हतं ना. दोन दिस मी इचार करतोय, माझा हात कसा गेला. जेवन जाईना. म्हटलं डोळं गेलं ते गेलं, आता डोकंबी गेलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "बरं झालं सांगितलं."

मला रडू आलं. त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "त्या पोरीला सांगितलं का? पुसलं गेलं व्हतं ते?"

"नाही. तिने विचारलं, लिहिलं होतं का. मी हो म्हणाले."

"ते खरंच हाय," नाना म्हणाले. "पन अर्धं हाय."

सोमवारी त्यांनी ती तक्रार पुन्हा उघडून सगळं लिहिलं. मॅनेजरने मेकॅनिकला बोलावून झापलं, आणि माझं वेगळं नाव आठवड्याभरात पुण्याहून आलं.

पुढच्या रविवारी मी एकटी पुन्हा गेले. का, ते घरी नीट सांगता आलं नाही. सून बाकडी पुसत होती, पायात नव्या रबरी चपला. मी तिला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की तुझं म्हणणं लिहिलं होतं, पण मी न बघता पुसलं. ती ऐकत राहिली. रागावली की नाही, मला समजेना.

मग तिने विचारलं, "आता त्या मशिनीत कुनी तक्रार केली म्हनून लागलंय?"

मी आठवून बघितलं. तक्रारदार म्हणून तिच्या सासऱ्याचं नाव होतं. खाली नानांनी लिहिलं होतं, घरातील बाईचा फोन.

"बाईचा फोन, एवढंच," मी म्हणाले.

"मंग माजं नाव लिवा," ती म्हणाली आणि मला तिचं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं नीट सांगितलं. मी ते तिकिटाच्या मागे लिहून घेतलं.

सोमवारी ऑफिसात ते तिकीट मी नानांसमोर ठेवलं आणि घडलेलं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून नाव वाचलं. मग खुर्चीत मागे टेकले. समोर फोन वाजत होता, त्यांनी तो उचलला नाही.

"आपन दोघं गेलो, ताई," ते म्हणाले. "आख्खा दिस तिथं व्हतो. आन् दोघांनीबी तिला नाव इचारलं न्हाई."